पेन ड्राईव्ह वापरात आहे

कॉम्प्युटर मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होता. पेन ड्राईव्ह वापरात आहे, आत्ता काढता येणार नाही, थोड्या वेळानं प्रयत्न करा. इंग्रजीत सांगत होता, पण तेवढं इंग्रजी मला येत होतं. कोण वापरतंय ते मात्र तो सांगेना. माझ्या भावाच्या त्या दुकानात त्या वेळी माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

दुकान कुडाळच्या बाजारात, पिठाच्या गिरणीला खेटून. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका असं सगळं तिथं व्हायचं. गिरण चालू असली की दुकानातल्या काचा थरथरायच्या आणि गिऱ्हाईक खुणांनी बोलायचं. सकाळीच दिगूनं फोनवर बजावलं होतं, पाचच्या गाडीआधी ये, ड्राईव्ह पुढच्या मशीनला लावून ठेवतो, मी नसलो तर काढून घे आणि जा. शेवटी आवाज चढवून म्हणाला होता, "ताय, सेफली काढ. ओढू नको. एकच कॉपी आसा ती."

मला दुधाचा टेम्पो मिळाला म्हणून मी बरीच आधी पोचले. काउंटरवर कोणी नाही, आतल्या खोलीचं दार लोटलेलं, दिगूची मोटारसायकल समोर दिसेना. पत्रिका पोचवायला गेला असेल, असं समजून मी खुर्चीवर बसले. कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा क्लास मी केला होता, सर्टिफिकेटही घरी फ्रेममध्ये आहे. त्या क्लासात शिकवलं होतं, की खालच्या कोपऱ्यातल्या हिरव्या बाणावर टिचकी मारायची, 'सेफली रिमूव्ह' म्हणायचं आणि मगच काढायचं. मी टिचकी मारली. वापरात आहे. पडद्यावर उघडं होतं ते सगळं बंद केलं. वापरात आहे. मग थोडी वाट पाहिली, देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा मारली. मशीन जागचं हललं नाही.

त्या पेन ड्राईव्हमध्ये माझ्या वडिलांचा आवाज होता. आणि तो आवाज आता वडिलांकडे नव्हता.

आमचे बाबा म्हणजे नागझरचे सगुणबुवा धुरी. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या भजनात समोरच्या बुवाला घाम फोडणारे. जत्रेत त्यांचं नाव लागलं की लोक दुपारीच पुढे चटया टाकून जागा धरायचे. त्या साली पावसाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली आणि गोव्याच्या दवाखान्यात स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. बाबांनी त्यांना हात जोडले आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. मी सासरहून येऊन राहिले होते. माझ्या मुलीची जुनी पाटी त्यांच्या उशाशी ठेवली, काय हवं-नको ते लिहायला. आठवडाभर ती कोरीच राहिली. जेवण ताटात तसंच राहायचं. ज्या माणसानं आयुष्यभर घर आवाजानं भरून टाकलं, तो त्या घरात असा गप्प पडलेला मला बघवत नव्हता.

त्यात रवळनाथाच्या देवळातला सप्ताह आला. आमच्याकडे सप्ताहात समईभोवती भजन सुरू झालं की शेवटपर्यंत तुटायचं नाही. वाडीवाडीचे पहारे ठरलेले. आधीच्या पहाऱ्याचे लोक गात असतानाच पुढच्यांनी झांजा हातात घ्यायच्या, त्यांची ओळ आपण उचलायची आणि मगच त्यांनी बाहेर पडायचं. गाणाऱ्याला मध्येच थांबवणं हे देवाच्या तोंडातला घास काढण्यासारखं समजतात. दिवेलागणीचा पहारा आमच्या धुरीवाडीचा, आणि त्याचा पहिला गजर आमच्याच घरच्या आवाजात व्हायला हवा, ही जुनी रीत. यंदा घरात आवाजच नाही. म्हणून मानकऱ्यांनी हळूच विषय काढला, की पहारा गावडेवाडीला देऊया, बुवांना उगाच त्रास नको. एकदा गेलेला पहारा परत येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मानकरी गेल्यावर बाबांनी पाटी ओढली. आजारानंतरचे त्यांचे पहिले शब्द होते, 'पहारा आमचाच.' लिहिताना खडू मोडला.

मी तडक दिगूकडे गेले होते. दिगंबर माझा धाकटा भाऊ. सात वर्षांचा असल्यापासून बाबांच्या मांडीला मांडी लावून बसलेला. बाबांची गाण्याची एक तऱ्हा होती. गजराची ओळ अर्धी म्हणून सोडून द्यायची, पुढची अर्धी दिगूनं उचलायची. लोक त्यासाठीच यायचे. पुढे दिगूला मिसरूड फुटलं, आवाज फुटला आणि एका जत्रेत ऐन रंगात त्याचा सूर घसरला. समोरची पार्टी हसली. बाबांनी पेटी थांबवली आणि माईकवरूनच त्याला म्हणाले, बस खाली, तुझ्याकडे गळा नाही. दिगू उठला तो उठलाच. कुडाळात आला, दुकान टाकलं, लग्न केलं. चतुर्थीला घरी यायचा, बाबांना दवाखान्यात त्यानंच नेलं, औषधं तोच आणायचा. पण गाण्याचं नाव निघालं की बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसायचा.

गजर तू म्हण, असं मी त्याला सांगितलं तेव्हाही त्यानं फडकंच उचललं. मग मी दुसरी युक्ती काढली. बाबांच्या जुन्या कॅसेट आमच्या माळ्यावर होत्या, त्यातला गजर देवळातल्या स्पीकरवर लावायचा. मोठ्या मानकऱ्यांनी बराच वेळ कान खाजवला आणि म्हणाले, "आवाज बुवाचोच ना? मग चलात." कॅसेटचा आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून द्यायला दिगू तयार झाला, पण त्यालाही त्याची अट होतीच.

"माझ्या मशीनवर ता ठेवूचा नाय," तो म्हणाला. "पेन ड्राईव्हात घालून देतंय, घेवन जा."

आणि खरंच त्यानं कॉपी केलं नाही, कट करून टाकलं. कॅसेटना बुरशी आलेली. गजराची कॅसेट तर उतरवून होताच टेपरेकॉर्डरनं चावून टाकली. म्हणजे बाबांचा तो गजर जगात एकाच ठिकाणी होता, माझ्यासमोर लुकलुकणाऱ्या त्या बोटभर निळ्या तुकड्यात. हट्टाच्या बाबतीत आमच्या घरात कोणी कोणाला हार जात नाही.

घड्याळ पुढे सरकत होतं. नागझरची गाडी पाचला सुटायची, त्यानंतरची थेट रात्रीची, वस्तीची. देवळातून चुलत्यांचा फोन आला, स्पीकरवाला विचारतोय, ड्राईव्ह कुठे आहे. बाबा नवं धोतर नेसून दुपारपासून ओट्यावर बसले आहेत, असंही ते म्हणाले. मी वाकून ड्राईव्हला हात लावला. जरा गरम होता. ओढला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. लोक ओढतातच. पण माझ्या नणंदेनं असाच घाईनं ओढलेला ड्राईव्ह मी पाहिला होता, मुलाच्या बारशाचे सगळे फोटो गेले आणि राहिला फक्त केकच्या सुरीचा एक फोटो. मी हात मागे घेतला.

मग आठवलं, की काहीच चालेना तर मशीनच नीट बंद करायचं, ते बंद झालं की ड्राईव्ह आपोआप मोकळा होतो. क्लासात सर हेच सांगायचे. मी बंद करायला घेतलं. तर मशीननं शेवटचा एक प्रश्न विचारला. तो मी बोट ठेवून वाचला. या कॉम्प्युटरला दुसरं कोणी जोडलेलं आहे, बंद केलात तर त्याचं काम मध्येच तुटेल, चालेल का?

दुसरं कोण? मी मागे पाहिलं. मशीनच्या पाठीमागून एक निळी वायर निघाली होती. भिंतीच्या कडेनं, पत्रिकांच्या गठ्ठ्यांमागून जाऊन ती आतल्या खोलीच्या दाराखालून आत शिरली होती.

तेवढ्यात गिरण थांबली, आणि मला गाणं ऐकू आलं.

माणूस कानाला हेडफोन लावून गातो तेव्हा आपण किती मोठ्यानं गातोय हे त्याला कळत नाही. मी दार ढकललं. निळी वायर गेलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर दिगू पाठमोरा बसला होता, उजव्या हाताची बोटं टेबलावर ठेका धरून. तो सगळं गात नव्हता. थोडा वेळ गप्प राहायचा, मान हलवायचा आणि मग अर्धीच ओळ म्हणायचा.

"उजेड तो घरी येणाऱ्याला."

पुन्हा गप्प. पुन्हा तीच अर्धी ओळ. आमच्या बाबांनी स्वतः बांधलेला हा गजर, त्याची पुढची अर्धी. गळा नाही म्हणतात तो हा गळा असेल, तर देवानं मलाही गळा देऊ नये, असं मला वाटलं. जड, जरा खरखरीत, पण असा भरलेला, की मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. रडू आलं, ते मी अडवलं नाही.

त्याला हाक मारणं सोपं होतं. खांद्यावर हात ठेवला असता तरी झालं असतं. पण तो गात होता. पुढे वळणावर पाचच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली. मी तशीच उभी होते.

गजर संपला तेव्हा त्यानं हेडफोन काढले आणि वळला. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"कधी इलंस गो?"

"तू गायत होतस तेवा."

"मी नाय गायत होतंय. रेकॉर्डिंग नीट झाला काय ता बघी होतंय." मग त्यानं घड्याळ पाहिलं. "गाडी गेली मा तुझी? माका हाक कित्याक मारूक नाय?"

"भजन मधी तोडूचा नसता," मी म्हटलं. "ह्या काय आता मी तुका शिकवू?"

टेबलावरचे हेडफोन उचलून त्यानं माझ्या कानाला लावले आणि गजर पुन्हा सुरू केला. बाबांचा आवाज इतका जवळून आला, की मी दचकले. 'दिवा लाविला मी देवा तुझ्या दारी.' इथं ते थांबले. झांजा चालू, मृदंग चालू, आणि गाणं नाही. मग पुन्हा 'दिवा लाविला मी', पुन्हा तसंच थांबणं.

ही कॅसेट दिगू घर सोडून गेल्यानंतरची होती, तारीख कव्हरवर बाबांच्या अक्षरात. मला ते गाणं चांगलं आठवत होतं. पुढची कितीतरी वर्षं बाबा असेच गायचे, अर्धी ओळ म्हणून थांबायचे. गावात म्हणायचे, बुवा थकले, दम पुरत नाही. गाठ निघाल्यावर तर मी डॉक्टरांनाही हेच सांगितलं होतं, की फार वर्षांपासून त्यांना गाताना दम लागतो.

तेच मी दिगूला म्हटलं. त्यानं मान हलवली.

"दम लागाक नाय तेंका. ठेको बघ, सरळ चल्लो आसा. मोजून अर्ध्या ओळीची जागा सोडतत." त्याचा आवाज जरा कापला. "जागा ठेवीत होते, ताय. दुसऱ्या कोणाक उचलूक दिल्यानी नाय."

आम्ही दोघं त्या लहानशा खोलीत शाईच्या वासात उभे होतो. इतकी वर्षं मी त्या घरात जात-येत होते, दर सप्ताहाला समोर बसून ऐकत होते, आणि मला हे कळलं नव्हतं. ह्याला एका दुपारीत कळलं.

"स्पीकरवर लावलंव तर ती जागा रिकामीच रवतली," मी म्हटलं.

"तेंनीच सांगल्यानी, माझ्याकडे गळो नाय म्हणान. चार गावांसमोर."

"सांगल्यानी. चुकलेच ते." मी त्याचा हात धरला. "पण आता तेंचोच गळो नाय, दिगू."

त्यानं वळून पडद्यावरची गजराची खिडकी बंद केली. मी पुढच्या मशीनपाशी जाऊन हिरव्या बाणावर टिचकी मारली. मशीन एका शब्दानं अडलं नाही. आता काढलंत तरी चालेल, असं म्हणालं. मी ड्राईव्ह काढला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. बाहेर दिगू शटर ओढत होता. मोटारसायकल त्यानं मागच्या बाजूला, आंब्याच्या सावलीत लावली होती.

मी त्याच्या मागे बसले. वाटेत तो गातो असंही म्हणाला नाही आणि नाही गात असंही नाही. मीही विचारलं नाही. गाणारच असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायला गेले असते, तर तो घाटातच गाडी वळवेल अशी मला भीती वाटत होती.

देवळात पोचलो तेव्हा समया लावत होते. वरच्या वाडीचा पहारा चालू होता, आमची माणसं झांजा घेऊन कडेला उभी. बाबा सर्वांच्या पुढे, गळ्याभोवती पांढरा पंचा गुंडाळलेला. त्यांनी मला पाहिलं आणि मग माझ्या मागे दिगूला पाहिलं. नजर तिथं जेवढी थांबायची त्याहून जरा जास्त थांबली. दिगूनं चपला काढल्या आणि जाऊन खांबाला टेकला. वाटलं, इथवर आला तेच पुष्कळ.

स्पीकरवाल्यानं माझ्याकडे हात पुढे केला. मी पदराची गाठ सोडू लागले. ती घट्ट बसली होती, की माझीच बोटं चालत नव्हती, कोण जाणे. तेवढ्यात बाबा रिंगणात उतरले. त्यांनी ठेक्यात झांज धरली, समईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

आवाज आला नाही. नुसते ओठ हलले. पण 'दिवा लाविला मी देवा तुझ्या दारी' हे त्या देवळातल्या प्रत्येकाला पाठ होतं, आणि ओठांवरून ते सगळ्यांना कळलं. मग बाबा थांबले, नेहमी थांबायचे तसे. वरच्या वाडीची माणसं गातच होती, पुढची ओळ कोणी उचलतं का म्हणून आमच्याकडे बघत. झांज चालू होती. पहारा गावडेवाडीला द्यायला मोठे मानकरी उभे राहिले.

"उजेड तो घरी येणाऱ्याला."

खांबाजवळून आवाज आला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. बाबांची वळली नाही. त्यांनी समईवरची नजर काढली नाही, फक्त ठेका जरा जोरात झाला. त्यांनी पुन्हा ओठ हलवले, आणि दिगू पुन्हा आला, आता खांब सोडून. तिसऱ्या फेरीला तो बाबांच्या शेजारी होता. चौथ्या फेरीला पहिली अर्धी ओळ अख्ख्या धुरीवाडीनं धरली आणि वरच्या वाडीची माणसं रीतसर बाहेर पडली. मानकरी पुन्हा खाली बसले. स्पीकरवाल्यानं विचारलं, ताई, लावायचं का काही? मी गाठ तशीच ठेवली आणि त्याला म्हटलं, राहू दे.

आमचा पहारा संपला तेव्हा बाहेर काळोख पडून देवळाच्या ओट्यावरचा दिवा लागला होता. ओट्यावर चहा आला. बाबांनी कप हातात घेतला आणि माझ्याकडे खुणेनं पाटी मागितली. मी ती चुलत्यांच्या पिशवीतून काढून दिली. त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिलं आणि पाटी माझ्याकडे न देता सरळ दिगूसमोर धरली. मी मान लांब करून वाचलं.

'घाई केलस. उद्या ये.'

इतक्या वर्षांनी पोर गायलं आणि ह्यांना चूकच दिसली. पण दिगू त्या दोन ओळींकडे असा बघत होता, जसं लहानपणी पेटीवरचं बोट चुकलं की बाबांच्या हाताकडे बघायचा. मग तो हसला. बाबांना ऐकू उत्तम येत होतं, तोंडानं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं पाटी घेतली, बाहीनं पुसली, बाबांच्या हातातला खडू मागून घेतला आणि लिहिलं, 'किती वाजता?'